वाणिज्य दूतावासातील पाऊण तास आणि मुलांचा दुसरा प्रश्न

कळव्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी असे विचारले आहे : मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील, म्हणजे बीकेसीमधील, एका परदेशी वाणिज्य दूतावासाने त्यांच्या पंचवीस मुलांना पाऊण तासाची वेळ दिली आहे, तेथील एक राजनैतिक अधिकारी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणार आहेत, आणि भेट सहा आठवड्यांवर आली आहे, तर मुलांनी कोणते प्रश्न विचारावेत, कोणते टाळावेत, आणि इंग्रजीच्या भीतीने मुले गप्प बसली तर काय करावे? मी ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांमध्ये हाच विषय एकवीस वर्षे शिकवला आणि त्या काळात अशा अकरा भेटींना मुलांना घेऊन गेलो. त्यांतील दोन भेटी सपशेल फसल्या आणि त्या का फसल्या याचा विचार मी अजूनही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाई, आपण प्रश्नांची यादी मागितली आहे. यादी मी एका संध्याकाळी करून देऊ शकेन, पण मुलांचे काम त्या यादीने होणार नाही. आपली मुले ज्या व्यक्तीसमोर बसणार आहेत, तिची नेमणूकच मुळी तिच्या देशाच्या सरकारच्या वतीने बोलण्यासाठी झालेली असते. तिचे वैयक्तिक मत काहीही असले तरी त्या खोलीत ते मांडण्याची मुभा तिला नसते, आणि बहुतेक विषयांवर काय बोलायचे हे आधीच ठरलेले असते. चौदा वर्षांचा मुलगा उभा राहून कागदावरचा प्रश्न वाचतो, समोरून गुळगुळीत, सभ्य आणि पूर्ण वाक्यांतले उत्तर येते, मुलगा ‘थँक यू सर’ म्हणून खाली बसतो आणि पुढचा मुलगा उठतो. अशा वेळी प्रश्न कितीही चांगला असला तरी हाती तेवढेच लागते, जेवढे त्या देशाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. माणसाशी संवाद सुरू होतो तो दुसऱ्या प्रश्नापासून, म्हणजे उत्तर ऐकून त्या उत्तरातूनच सुचलेल्या प्रश्नापासून. मुलांना तयार करायचे ते त्यासाठी.

माझी पहिली भेट याच कारणाने फसली. अठरा प्रश्न मी स्वतः लिहिले होते, टंकलिखित करून प्रत्येकाच्या हाती एकेक दिला होता आणि आठवडाभर पाठ करून घेतला होता. चाळीस मिनिटांत अठरा प्रश्न संपले. कोणी अडखळले नाही, अधिकाऱ्यांनी कौतुक केले, छायाचित्र निघाले. परतीच्या वाटेवर बसमध्ये मी मुलांना विचारले, त्यांनी सांगितलेल्यापैकी काय लक्षात राहिले? पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने राजधानीचे नाव सांगितले आणि दुसऱ्याने लोकसंख्या. दोन्ही गोष्टी मी वर्गातल्या फळ्यावर लिहून दिलेल्या होत्या. प्रत्येक मूल आपला प्रश्न येईपर्यंत तो मनात घोकत होते आणि प्रश्न झाल्यावर सुटकेचा श्वास घेत होते, त्यामुळे एकाही मुलाने एकही उत्तर खरे तर ऐकलेच नव्हते. दोष मुलांचा नव्हता, मी त्यांना ऐकण्याचे काम दिलेच नव्हते.

आता परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी. आपण पत्रात ‘दूतावास’ असे लिहिले आहे, पण मुंबईत असतात ते वाणिज्य दूतावास. दूतावास नवी दिल्लीत असतात आणि राष्ट्रकुलातील देशांचे तेथील कार्यालय उच्चायोग म्हणवले जाते. म्हणूनच बीकेसीतील ब्रिटनच्या कार्यालयाचे नाव उपउच्चायोग असे आहे. हा फरक मुलांना आधीच सांगावा, कारण दोन सरकारांमधील वाटाघाटी मुख्यतः दिल्लीत होतात, तर मुंबईतील कार्यालयाचा भर व्यापार, व्हिसा, शिक्षण, संस्कृती आणि येथे असलेल्या त्या देशाच्या नागरिकांना मदत यांवर असतो. आपल्याला भेटणारी व्यक्ती कोण आहे, हेही फोन करून विचारून घ्यावे. व्यापार पाहणारा अधिकारी, सांस्कृतिक विभागाचा अधिकारी आणि स्वतः महावाणिज्यदूत यांना एकच प्रश्न विचारून चालत नाही. काही लहान देशांचे काम मानद वाणिज्यदूत पाहतात आणि ते बहुधा येथीलच व्यावसायिक असतात. त्यांनी परराष्ट्र सेवेत आयुष्य काढलेले नसते, पण दोन्ही बाजू त्यांना जवळून माहीत असतात. शिवाय भेटीच्या सुमारास त्या देशात निवडणूक, युद्ध किंवा मोठी आपत्ती असेल तर सगळेच बदलते. अशा वेळी भेट पुढे ढकलली गेली, तर मुलांना त्याचे कारण नीट समजावून सांगावे, कारण तोही या विषयाचाच धडा आहे.

तयारीचे पहिले दोन आठवडे मी प्रश्नांना हात लावत नाही. त्याऐवजी १९६१ आणि १९६३ या सालांचे दोन व्हिएन्ना करार वर्गात वाचतो, पहिला राजनैतिक संबंधांचा आणि दुसरा वाणिज्यदूतांच्या संबंधांचा. कलमे सोपी करून सांगितली तर नववीची मुले त्यांत रमतात. बहुतेक मुलांची समजूत असते की दूतावासाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकले की परदेशाची भूमी लागते. तसे नसते. जमीन भारताचीच राहते, फक्त त्या देशाच्या संमतीवाचून आपल्या पोलिसांना आत शिरता येत नाही. यातही एक गंमत आहे, जी मी दर वर्षी फळ्यावर मांडतो. दूतावासाला आग लागली तरी करारानुसार संमती लागतेच, परंतु वाणिज्य दूतावासाच्या बाबतीत १९६३ च्या कराराचे ३१ वे कलम असे म्हणते की आग किंवा तशीच तातडीची आपत्ती आली तर संमती गृहीत धरता येते. असा फरक का केला असेल, यावर वर्गात अर्धा तास चर्चा होते, आणि ‘एखाद्या कार्यालयात अधिक गुपिते असतात का’ हा प्रश्न तिथूनच जन्माला येतो.

त्याच कराराचे ३६ वे कलम तर आपल्या महाराष्ट्रातील मुलांना अगदी जवळचे वाटते. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वाणिज्यदूताशी संपर्क साधण्याचा आणि त्याला भेटण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. पाकिस्तानने अटक केलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारत २०१७ मध्ये याच कलमाच्या आधारे आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचा निकाल दिला. हे ऐकल्यावर वाणिज्यदूत म्हणजे केवळ व्हिसावर शिक्का मारणारा माणूस ही समजूत गळून पडते. मग मुले आपण होऊन विचारतात : तुमच्या देशाच्या नागरिकाला येथे पोलिसांनी पकडले, तर तुम्हाला कोण कळवते, आणि पहिल्या दिवशी तुम्ही काय करता? हा प्रश्न मी स्वतः चार वेगवेगळ्या कार्यालयांत मुलांच्या तोंडून ऐकला आहे आणि चारही ठिकाणी उत्तर देणाऱ्याचा आवाज बदलला, कारण तुरुंगात किंवा इस्पितळात जाऊन आपल्या माणसाला भेटण्याचा अनुभव या सेवेतील बहुतेकांच्या गाठीशी असतो आणि त्याविषयी त्यांना फारसे कोणी विचारत नाही.

प्रश्नांचे विषय शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपण ठाणे जिल्ह्यात राहतो आणि परराष्ट्र धोरण आपल्या दारावरून जाते. शिवडीला न्हावा-शेव्याशी जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, त्याला जपानने कर्ज दिले आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर ठाणे स्थानक आहे, बीकेसी ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्याचा सुमारे ७ किलोमीटर भाग ठाणे खाडीखालून जातो, आणि त्या प्रकल्पाचे जपानी कर्ज पन्नास वर्षांत फेडायचे आहे. न्हावा-शेव्याच्या बंदरात दुबई, सिंगापूर आणि डेन्मार्क या ठिकाणच्या कंपन्यांशी संबंधित टर्मिनले आहेत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि ज्या रामसर गावी १९७१ मध्ये पाणथळ जागांचा तो करार झाला, ते इराणमध्ये आहे. ठाण्यातील शार हाशामाईम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचे, आणि तेथे जाणारा बेने इस्राएल हा ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. इस्राएलला भारताने १९५० मध्ये मान्यता दिली, मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास १९५३ मध्ये सुरू झाला, पण पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित व्हायला १९९२ उजाडले. मग जवळपास चाळीस वर्षे दूतावासाशिवाय त्या कार्यालयात बसलेला अधिकारी नेमके काय करू शकत होता आणि काय नाही? नववीतल्या मुलीने विचारलेला असा प्रश्न कोणत्याही अधिकाऱ्याला विचार करायला लावील.

आपल्या भागातून निघालेल्या प्रश्नाचा मोठा फायदा असा की, त्या विषयात मुलाला स्वतःचे काहीतरी माहीत असते, म्हणून त्याला दुसरा प्रश्न सुचतो. माझ्या वर्गात उरणहून येणारी एक मुलगी होती. तिचे वडील बंदरात ट्रेलर चालवत. ज्या देशाची कंपनी तेथे टर्मिनल चालवते, अशा एका देशाच्या कार्यालयात आम्ही गेलो होतो. तिने विचारले की बंदराबाहेर ट्रेलरच्या रांगा लागून माल अडकला, तर कंपनी तुमच्याकडे तक्रार करते का? अधिकाऱ्यांनी व्यवस्थित सांगितले की हो, आमच्या व्यापार विभागाकडे अशा अडचणी येतात आणि आम्ही त्या संबंधित भारतीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालतो. ती खाली बसली नाही. ती म्हणाली, “आणि रांगेत उभा असलेला ड्रायव्हर कोणाकडे जातो?” अधिकारी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी सांगितले की ते त्यांच्या अधिकाराच्या बाहेर आहे, तो प्रश्न भारत सरकारचा आणि बंदराचा आहे आणि त्यात लक्ष घालणे ही ढवळाढवळ ठरेल. पण नंतर त्यांनी तिलाच विचारले की तिचे वडील किती तास रांगेत असतात, जेवतात कोठे, रात्री झोपतात कोठे. पुढची सहा-सात मिनिटे तीच सांगत होती आणि ते वहीत टिपून घेत होते. यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, असे १९६१ च्या कराराचे ४१ वे आणि १९६३ च्या कराराचे ५५ वे कलम सांगते. ते कलम त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांना समजले, तितके मी ते फळ्यावर कधीच समजावू शकलो नव्हतो.

याच कलमामुळे काही प्रश्न विचारणे अन्यायाचे ठरते. आमच्या निवडणुकीबद्दल तुम्हाला काय वाटते, आमचा अमुक नेता कसा वाटतो, असे प्रश्न मुलांनी विचारू नयेत. त्यांत उद्धटपणा आहे म्हणून नव्हे, तर त्या माणसाला त्यांचे उत्तर देण्याची बंदी आहे म्हणून. काकांचा व्हिसा का नाकारला, हा प्रश्नही घरून सांगून पाठवला जातो. पालकसभेत ते आधीच स्पष्ट करावे, कारण एकेका अर्जाविषयी अशा ठिकाणी कोणी बोलत नाही आणि विचारणारे मूल विनाकारण खजील होते. मात्र अवघड विषय टाळावेत असे माझे मुळीच मत नाही. त्या देशाच्या एखाद्या युद्धाविषयी किंवा कायद्याविषयी मुलांच्या मनात राग असेल, तर तो प्रश्न विचारलाच पाहिजे, फक्त त्याची घडण बदलावी लागते. ‘तुमच्या सरकारने केले ते चूक नाही का?’ असे विचारले की ठरलेले निवेदन ऐकायला मिळते. ‘तुमच्या देशात या निर्णयाला विरोध करणारे लोक काय म्हणतात, आणि त्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा तुम्हाला कोणता वाटतो?’ असे विचारले की त्याला विचार करावा लागतो, कारण आपल्या देशातील चर्चेचे वर्णन करणे हे त्याच्या कामात बसते. तसेच ‘तुम्हाला पटत नसलेल्या धोरणाची बाजू मांडावी लागली आहे का?’ यापेक्षा ‘राजधानीतून असे धोरण आले की जे येथील लोकांना समजावणे कठीण आहे, तेव्हा तुम्ही तयारी कशी करता?’ हा प्रश्न अधिक खोल जातो. पहिल्यात मत मागितले आहे, दुसऱ्यात काम कसे चालते ते विचारले आहे, आणि कामाविषयी माणसे मोकळेपणाने बोलतात.

कार्यालय बहुधा प्रश्न आधी मागवते. ते जरूर पाठवावेत आणि जे पाठवले तेच पहिल्यांदा विचारावेत. कोणाला गाठून पेचात पकडण्यासाठी आपण जात नाही आणि मुलांनाही तशी सवय लागू नये. पत्रातच लिहावे की उत्तर ऐकून मुले एखादा पुढचा प्रश्न विचारतील. मी असे लिहू लागल्यापासून एकाही कार्यालयाने नकार दिलेला नाही.

आता वेळेचा हिशोब मांडू. पाऊण तासापैकी स्वागत आणि देशाची ओळख यांत दहा-बारा मिनिटे जातात, शेवटची पाच छायाचित्रात आणि आभारात. उरतात साधारण अठ्ठावीस मिनिटे. एक प्रश्न, त्याचे उत्तर, दुसरा प्रश्न आणि त्याचे उत्तर याला चार मिनिटे धरली, तर सातच प्रश्न होतात. म्हणून मी सात जोड्या करतो. जोडीतील एकाने पहिला प्रश्न विचारायचा, आणि दुसऱ्याने कागद न घेता फक्त ऐकायचे व दुसरा प्रश्न विचारायचा. ऐकणारा मुलगा हुशार विद्यार्थ्यांतूनच निवडावा असे नाही. माझा अनुभव असा की, वर्गात मागे बसणारी, घरी दुकान सांभाळणारी किंवा लहान भावंडांना वाढवणारी मुले समोरच्याने कोणता भाग टाळला हे चटकन ओळखतात. उरलेल्या अकरा मुलांपैकी काहींनी उत्तरे शब्दशः टिपावीत, एकाने घड्याळ सांभाळावे, दोघांनी केवळ निरीक्षण करावे की कोणत्या प्रश्नाला उत्तर देताना ते थांबले आणि कोणत्या वेळी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिले.

सराव वर्गातच होतो. मी स्वतः अधिकारी होऊन टेबलामागे बसतो आणि मुद्दाम गोड, पोकळ उत्तरे देतो. “आमच्या दोन देशांचे संबंध अत्यंत मैत्रीपूर्ण आहेत,” असे म्हणतो. सुरुवातीला मुले मान डोलावतात. तिसऱ्या-चौथ्या तासाला कोणीतरी विचारते, “शेवटचे मतभेद कशावरून झाले होते?” त्या दिवशी वर्ग तयार झाला असे मी समजतो. दुसरा प्रश्न सुचण्यासाठी मुलांना एवढेच सांगतो की उत्तरातील एक शब्द पकडा, ज्याचा अर्थ तुम्हाला पूर्ण कळला नाही, आणि तोच शब्द परत करून विचारा.

इंग्रजीविषयी आपण फार काळजीने लिहिले आहे, आणि ती काळजी मला समजते, कारण मीही मराठी माध्यमातूनच शिकलो. प्रश्न आधी मराठीत तयार करावा. मराठीत जो प्रश्न धड बांधता येत नाही, तो इंग्रजीत जाऊन सुधारत नाही. नंतर पहिल्या प्रश्नाचे एकाच वाक्यात इंग्रजी करावे. दुसरा प्रश्न मात्र मुलांनी मराठीत किंवा हिंदीत विचारावा आणि शिक्षकाने किंवा एखाद्या विद्यार्थिनीने भाषांतर करावे, असे कार्यालयाला आधी कळवून ठेवावे. या कार्यालयांत स्थानिक कर्मचारी पुष्कळ असतात, त्यांत मराठी बोलणारे भेटतात आणि ते आनंदाने मदत करतात. ऐनवेळी सुचलेला प्रश्न परक्या भाषेत विचारण्याची सक्ती केली, तर मुले सुचलेला प्रश्न गिळतात. माझी फसलेली दुसरी भेट याचमुळे फसली. इंग्रजीतच बोला असा दंडक मीच घातला होता आणि बारा मुलांपैकी तीनच बोलली.

सुरक्षेच्या बाबतीत हलगर्जी चालत नाही. नावांची यादी आधी द्यावी लागते आणि ती ओळखपत्राशी अक्षरशः जुळावी लागते. आपल्या शाळांतील जनरल रजिस्टरमधले नाव आणि आधार कार्डावरचे इंग्रजी स्पेलिंग यांत पुष्कळदा फरक असतो. मी एकदा यादी रजिस्टरवरून उतरवली आणि एका मुलीला फाटकावर पंचवीस मिनिटे उभे राहावे लागले. ती आत आली तेव्हा तिच्या जोडीचा प्रश्न होऊन गेला होता. तेव्हापासून प्रत्येक आधार कार्ड मी स्वतः समोर ठेवून यादी करतो. मोबाईल, स्मार्ट घड्याळे, इअरफोन, दप्तरे आणि डबे बसमध्येच ठेवावेत, वही आणि पेन चालते का हे विचारून घ्यावे, आणि एखाद्या मुलाकडे इनहेलर किंवा इन्सुलिन असेल तर ते आधी लेखी कळवावे. कळव्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने आणि चुनाभट्टी-बीकेसी उड्डाणपुलावरून जाताना सकाळच्या वेळेचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचेल अशी बस काढावी.

भेटीत ऐकलेले शाळेच्या हस्तलिखितात लिहिण्यापूर्वी, कोणते वाक्य नावानिशी देता येईल हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. काही गोष्टी अधिकारी केवळ मुलांच्या समजुतीसाठी सांगतात आणि तो विश्वास मुलांनी पाळला पाहिजे. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी एक तास मोकळा ठेवावा, टिपणे जुळवावीत आणि ज्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही त्यांचा वेगळा कागद करावा. आभाराचे पत्र मुलांनी आठवड्याच्या आत हाताने लिहावे आणि त्यांतील दोन अनुत्तरित प्रश्न त्यात नम्रपणे विचारावेत. मला अशा पत्रांची चार उत्तरे आली, त्यांतील एक अधिकाऱ्यांची येथून बदली झाल्यानंतर, नव्या ठिकाणाहून.

आपल्याकडे सहा आठवडे आहेत, म्हणून नावांची यादी आणि पालकांची संमतिपत्रे याच आठवड्यात हाती घ्यावीत आणि कोणता अधिकारी भेटणार हे फोनवर विचारावे. ते कळले की येथे लिहावे. त्या देशाचा आपल्या ठाण्या-कळव्याशी कोठे संबंध येतो, हे मी आपल्यासोबत शोधीन. सरावाच्या तासाला टेबलामागे बसायला कोणी हवे असेल, तर शनिवारी सकाळी मला येता येईल.